ब्लॉकपासून आकड्यापर्यंत: टिश्यूची स्लाइड स्कॅन करून मोजायची कशी

तोंडाच्या कर्करोगाच्या स्लाइडवर ट्यूमरच्या कडेला लिम्फोसाइट्सची, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, गर्दी दिसते. कुणाच्या ट्यूमरमध्ये ती दाट असते, कुणाच्या विरळ. पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपमधून पाहून ‘भरपूर’, ‘मध्यम’, ‘तुरळक’ असं लिहितात आणि रोजच्या कामाला ते पुरतं. संशोधनात मात्र कुणीतरी विचारतंच, भरपूर म्हणजे किती? चौरस मिलिमीटरला किती पेशी? सगळ्या ट्यूमरभर, की फक्त कडेला? याचं उत्तर द्यायचं तर अख्खी स्लाइड संगणकात आणावी लागते.

आपल्याकडे तंबाखू-सुपारीमुळे हा कर्करोग इतका दिसतो, म्हणून उदाहरण त्याचंच घेते. एच अँड ई (नेहमीचा निळा-गुलाबी रंग) स्टेन केलेली एक स्लाइड आणि त्याच ब्लॉकची (मेणात बसवलेला टिश्यूचा तुकडा) सीडी८ साठी आयएचसी केलेली दुसरी, अशी जोडी डोळ्यांसमोर ठेवा. सीडी८ हे काही लिम्फोसाइट्सवर असणारं प्रथिन, आणि आयएचसी म्हणजे असं प्रथिन अँटिबॉडीने शोधून रंगवणं. उंदराचं यकृत किंवा मूत्रपिंड घेऊन काम करणाऱ्यांनाही यातल्या बहुतेक गोष्टी जशाच्या तशा लागू पडतील.

हे काम करताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे. स्कॅनर कितीही भारी असो, बिघडलेला सेक्शन, म्हणजे ब्लॉकमधून कापलेला पातळ काप, तो सुधारत नाही. आणि डोळा ज्याकडे सहज काणाडोळा करतो, ते संगणक मोजतो. सेक्शनला पडलेली घडी आपल्याला घडी म्हणून दिसते, प्रोग्रॅमला ती गडद न्यूक्लियसची (पेशीकेंद्रकांची) रांग वाटू शकते. म्हणून या लेखातला बराच भाग स्कॅनरचं झाकण उघडण्याआधीचा आहे.

आधी प्रश्न, मग मॅग्निफिकेशन

काय मोजायचं आहे ते एका वाक्यात कागदावर लिहा. ‘ट्यूमरच्या आतल्या आणि कडेच्या सीडी८ पेशींची घनता’ हे वाक्य झालं. ‘स्लाइड्स स्कॅन करून बघू काय मिळतं’ यातून पुढे ठरवायला काहीच मिळत नाही. त्या वाक्यावरूनच स्टेन, मॅग्निफिकेशन आणि डिस्कवरची जागा ठरते.

२०एक्स आणि ४०एक्स हे शब्द सगळे वापरतात, पण खरा आकडा आहे तो एका पिक्सेलमध्ये किती मायक्रॉन येतात हा. २०एक्सला साधारण ०.५ मायक्रॉन, ४०एक्सला साधारण ०.२५. कित्येक स्कॅनरमध्ये दोन्हींसाठी लेन्स एकच, २०एक्सची असते, म्हणून नुसत्या ‘एक्स’वर विसंबू नका. एका मशीनचं ४०एक्स ०.२३ मायक्रॉनचं असतं, दुसऱ्याचं ०.२५चं. फरक किरकोळ वाटतो, पण तोच न्यूक्लियस पहिल्या मशीनवर १८ टक्के जास्त पिक्सेल व्यापतो. क्षेत्रफळ पिक्सेलमध्ये मोजून दोन केंद्रांचे आकडे एकत्र केले की अभ्यास तिथेच वाकडा होतो. मोजमाप नेहमी मायक्रॉनमध्ये.

लिम्फोसाइटचा न्यूक्लियस साधारण ७ मायक्रॉनचा. ०.५वर तो १४ पिक्सेल रुंद दिसतो, ०.२५वर २८. नुसतं मोजायला १४ पुरतात. न्यूक्लियसमधलं क्रोमॅटिन कसं आहे, मायटोसिस (पेशीविभाजन) चालू आहे का, हे पाहायचं असेल तर २८ हवेत. त्याची किंमत किती तेही पाहा. १५ मिलिमीटर बाय १५ मिलिमीटरचा टिश्यू ०.५वर ३०,००० बाय ३०,००० पिक्सेलचा, म्हणजे ९० कोटी पिक्सेल. ०.२५वर बाजू दुप्पट होते, पिक्सेल चौपट, ३६० कोटी. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर जवळजवळ ११ जीबी. जेपेग कॉम्प्रेशननंतर ही फाइल बहुधा एक जीबीच्या आसपास येते. शंभर रुग्ण, प्रत्येकी दोन स्लाइड्स, हा हिशेब डिस्क मागवण्याआधी करा.

सीडी८ मोजायला मी २०एक्स वापरते. सगळंच ४०एक्सवर हवं असा हट्ट अनेकांचा असतो. प्रश्नाला गरज नसेल तर त्यातून वेळ आणि जागा जाण्यापलीकडे काही होत नाही.

सेक्शन आणि स्टेन

सेक्शनची जाडी ३ ते ४ मायक्रॉन. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या अभ्यासात एकच जाडी. ६ मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये तेवढ्याच क्षेत्रफळात जास्त न्यूक्लियस मावतात, एकमेकांवर चढलेलेही असतात. अर्ध्या केसेस एका टेक्निशियननी ४वर आणि अर्ध्या दुसऱ्यांनी ६वर कापल्या, तर घनतेतला फरक ट्यूमरचा की मायक्रोटोमचा (सेक्शन कापायच्या यंत्राचा), हे नंतर कुणालाही सांगता येणार नाही. शिवाय २०एक्सच्या चांगल्या लेन्सची फोकसची खोली जेमतेम १ मायक्रॉनच्या आसपास असते. सेक्शन जितका जाड, तितका त्यातला मोठा भाग कायम धूसर.

वॉटर बाथ ४० ते ४५ अंशांवर ठेवा, सेक्शन पाण्यावर नीट ताणू द्या, मगच उचला. ब्लेडला खाच पडली असेल तर सेक्शनवर उभी रेघ येते आणि स्कॅनमध्ये ती हमखास डोळ्यांत खुपते. तोंडाच्या टिश्यूत केराटिन असतं, कधी हाडाचा कण असतो, त्यामुळे ब्लेड लवकर बोथट होतं. इथे ब्लेड वाचवू नका.

स्टेनिंग शक्यतो एकाच बॅचमध्ये करा. नाहीच जमलं तर प्रत्येक बॅचमध्ये एकाच कंट्रोल ब्लॉकची एक स्लाइड घाला, टॉन्सिलचा ब्लॉक त्यासाठी उत्तम. बॅचगणिक रंग किती सरकला हे नंतर त्या एका स्लाइडवरून कळतं.

आयएचसी करताना आपल्याकडे एक अडचण विशेष येते. आपल्या लोकांच्या हिरड्यांत आणि गालाच्या आतल्या अस्तरात मेलॅनिन बऱ्याचदा असतं. मेलॅनिनही तपकिरी आणि आयएचसीत रंग देणारं डीएबीही तपकिरी, संगणकाला दोन्ही सारखेच. अशा केसेस आधीच वेगळ्या काढा. संख्या जास्त असेल तर लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) वापरण्याचा विचार पहिल्याच बॅचला करा, पन्नासाव्या स्लाइडला नको.

कव्हरस्लिप, डीपीएक्स आणि फडकं

या पायरीला सगळ्यात कमी मान मिळतो आणि सगळ्यात जास्त स्कॅन इथेच बिघडतात.

लेन्स ०.१७ मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप (टिश्यूवर लावायची पातळ काच) गृहीत धरून घडवलेली असते. कव्हरस्लिप आणि ती चिकटवणाऱ्या डीपीएक्सचा तिच्याखालचा थर मिळून जाडी त्याच्या फार पुढे गेली की चित्र मऊ पडतं. फोकस कितीही फिरवा, कडा काही केल्या धारदार होत नाहीत. म्हणून डीपीएक्स थेंबभर, टिश्यूच्या मापाने. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडा, हवा पुढे सरकत बाहेर जाते. बुडबुडा राहिलाच तर सुईच्या टोकाने हलका दाब देऊन कडेला न्या. टिश्यूवर बुडबुडा असताना स्लाइड पुढे पाठवू नका. स्कॅनर त्याच्या काळ्या गोल कडेलाच फोकस धरून बसतो आणि आजूबाजूचं सगळं अंधूक करतो.

पावसाळ्यात अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ओलावा शिरतो. झायलीन दुधाळ दिसायला लागलं की लगेच बदला. नाहीतर कव्हरस्लिपखाली पांढुरकं धुकं राहतं. डोळ्याला ते जेमतेम जाणवतं, स्कॅनमध्ये मात्र सगळा रंग फिकट उतरतो.

आता वाळवणं. जुलैच्या एका संध्याकाळी आम्ही घाईत होतो, सकाळी कव्हरस्लिप लावलेल्या स्लाइड्स संध्याकाळी ट्रेमध्ये भरल्या. वरून कोरड्या वाटत होत्या. सातव्या स्लाइडच्या कडेतून डीपीएक्सचा बारीक ओघळ आला आणि स्लाइड ट्रेला चिकटली. स्कॅनरचा उचलणारा हात तिला ओढत राहिला, कव्हरस्लिप तिरकी सरकली आणि खालचा टिश्यू तिच्याबरोबर फाटत गेला. त्या रुग्णाचा ब्लॉक लहान होता, तो सेक्शन शेवटच्या काहींपैकी एक होता. तेव्हापासून आमच्याकडे निदान २४ तास आडव्या ठेवून वाळवल्याशिवाय एकही स्लाइड स्कॅनरकडे जात नाही. पावसाळ्यात तीन दिवस.

वाळल्यावर पुसणं. बाहेर सुकलेला डीपीएक्स ब्लेडच्या कडेने हलके खरवडा, मग धागे न सुटणाऱ्या फडक्यावर झायलीनचा थेंब घेऊन पुसा, शेवटी अल्कोहोलने. झायलीन कव्हरस्लिपच्या कडेला जिरू देऊ नका, ती सुटते. स्लाइडची खालची बाजूही पुसा, प्रकाश तिथूनच येतो. कडेबाहेर डोकावणारी कव्हरस्लिप आणि एकावर एक चिकटवलेली दोन लेबलं, या दोन्हींमुळे मशीन अडकतं. जुन्या स्लाइड्सवर पॅथॉलॉजिस्टांनी पेनाने केलेले ठिपके असतात. ते पुसायचेच, कारण त्यांच्यावरही मशीन फोकस धरतं. पण पुसण्याआधी स्लाइडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ट्यूमर कुठे आणि मार्जिन कुठे, हे त्या ठिपक्यांतच लिहिलेलं असतं.

लेबल आणि नाव

स्लाइडवर रुग्णाचं नाव किंवा रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक नको, अभ्यासाचा कोड हवा. कोड आणि रुग्ण यांची जोडयादी वेगळ्या जागी, पासवर्डखाली, एकाच जबाबदार व्यक्तीकडे.

हे सगळं पाळूनही एक फट राहते. स्कॅनर मुख्य चित्राबरोबर लेबलचा आणि अख्ख्या स्लाइडचा छोटा फोटो काढतो आणि तो त्याच फाइलच्या पोटात साठवतो. फाइलचं नाव बदललं म्हणून तो जात नाही. जुन्या स्लाइडवर हाताने लिहिलेलं नाव असेल, तर ते या फोटोसकट परगावच्या सहकाऱ्याकडे पोहोचतं. म्हणून जुन्या लेबलवर कोडचं लेबल लावून ते पूर्ण झाका, आणि फाइल बाहेर देण्याआधी आतला लेबलफोटो काढून टाका. साठवलेल्या टिश्यूवर काम करायलाही संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट आहे. स्कॅन केलेल्या फाइल्स कुणाकुणाला देणार, हेही त्याच अर्जात लिहा. पुढचे महिने वाचतात.

स्कॅनरवर

मशीन सुरू करून दिवा स्थिर होऊ द्या. व्हाइट बॅलन्स आणि प्रकाशाची समानता तपासायला स्वच्छ, रिकामी स्लाइड वापरा. मग आधी पाचच स्लाइड्स घाला. त्यातली एक मुद्दाम फिकट, एक चरबी जास्त असलेली, एक तुकड्या-तुकड्यांची.

मशीन आधी सगळ्या स्लाइडचं छोटं चित्र घेतं आणि टिश्यू कुठे आहे ते स्वतः ठरवून त्याभोवती चौकट आखतं. फिकट स्ट्रोमा (पेशींना आधार देणारा टिश्यू), चरबी, जेमतेम रंग असलेला आयएचसीचा भाग, हे त्याच्या नजरेतून सुटतं. चौकट प्रत्येक स्लाइडवर आपल्या डोळ्यांनी पाहा आणि लागेल तिथे हाताने वाढवा. रात्रभर दीडशे स्लाइड्स लावून घरी जायचा मोह होतो, पण चौकटी पाहिल्याशिवाय जाऊ नका.

फोकसचे बिंदू टिश्यूवरच पडलेत ना, घडीवर किंवा काचेवरच्या धुळीवर नाहीत ना, ते बघा. तोंडाच्या सेक्शनमध्ये केराटिनचे पापुद्रे बाकीच्या टिश्यूपेक्षा उंच उचललेले असतात. तिथला बिंदू काढून शेजारी द्या. झेड-स्टॅक, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवरची चित्रं, पेशींच्या स्मीअरला उपयोगी. ४ मायक्रॉनच्या सेक्शनला सहसा लागत नाही आणि फाइल थरागणिक वाढते. जेपेगची गुणवत्ता आणि बाकी सेटिंग्ज एकदा ठरवा, प्रोफाइल म्हणून साठवा आणि अभ्यास संपेपर्यंत त्यांना हात लावू नका.

कुठली स्लाइड कधी

माझ्या हातून घडलेली सगळ्यात महाग चूक इथली. एका अभ्यासात लिम्फ नोडपर्यंत पसरलेल्या आणि न पसरलेल्या ट्यूमरची तुलना होती. सोय म्हणून पहिला गट एका आठवड्यात स्कॅन केला, दुसरा पुढच्या. मध्ये मशीनचा व्हाइट बॅलन्स पुन्हा केला गेला होता. विश्लेषणात दोन गटांत सुरेख फरक दिसला आणि आम्ही हरखून गेलो. मग एका विद्यार्थिनीने टिश्यू नसलेल्या रिकाम्या काचेचा रंग दोन्ही गटांत मोजला. तोही वेगळा होता. तिने तो आकडा पडद्यावर दाखवला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. सगळ्या स्लाइड्स पुन्हा, मिसळून स्कॅन केल्या. फरक उरला, पण पहिल्याच्या मानाने फारच थोडा.

तेव्हा क्रम यादृच्छिक करा. एक्सेलमध्ये कोडसमोर रँडम आकडे टाकून यादी लावली की काम झालं. प्रत्येक ट्रेमध्ये दोन्ही गट मिसळलेले असले पाहिजेत. स्टेनिंगच्या रॅकलाही हाच नियम.

प्रत्येक चित्र उघडून बघा

आधी लहान करून पाहा. टिश्यूचा तुकडा चौकटीबाहेर राहिला का, पट्ट्या दिसतात का, दोन पट्ट्यांच्या सांध्यावर पेशी तुटून सरकल्या आहेत का. मग पूर्ण मोठं करून पाच जागा, चार कोपरे आणि मध्य. न्यूक्लियसची कडा पेन्सिलने काढल्यासारखी दिसली पाहिजे. कापसासारखी दिसली तर पुन्हा स्कॅन. एका कोपऱ्यात स्वच्छ आणि समोरच्या कोपऱ्यात धूसर, असं असेल तर स्लाइड ट्रेमध्ये तिरकी बसली आहे किंवा खाली डीपीएक्सचा कण आहे.

स्लाइड्स शेकड्यांनी असतील तर हिस्टोक्यूसी हा मोफत प्रोग्रॅम धूसर भाग, पेनाच्या खुणा, घड्या शोधून देतो. अनंत मदाभुषी यांच्या गटात तो तयार झाला आणि २०१९मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. मदाभुषी मुंबई विद्यापीठातून बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकलेले आहेत. प्रोग्रॅम चाळणी लावतो, शेवटची नजर मात्र माणसाचीच ठेवा.

फाइल्स

स्कॅनरची मूळ फाइल हाच कच्चा पुरावा. ती जेपेगमध्ये बदलून मूळ काढून टाकू नका. एसव्हीएस, एनडीपीआय, एमआरएक्सएस अशा कंपनीगणिक वेगळ्या फाइल्स असतात, ओपनस्लाइडसारखी मोफत लायब्ररी त्यातल्या बहुतेक वाचते. एमआरएक्सएसच्या बाबतीत सावध राहा. त्या फाइलच्या शेजारी त्याच नावाचा फोल्डर असतो आणि खरं चित्र त्या फोल्डरमध्ये असतं. नुसती फाइल पेनड्राइव्हवर नेणाऱ्याला सहकाऱ्यासमोर काहीच उघडून दाखवता येत नाही. कॉपी केल्यावर चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा, दोन वेगळ्या इमारतींत दोन प्रती ठेवा.

मोजणी

क्यूपाथ हे अशा चित्रांवर पेशी मोजायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत पीटर बँकहेड यांनी ते लिहिलं, २०१७मध्ये प्रसिद्ध झालं. साध्या लॅपटॉपवरही चालतं. प्रोजेक्ट उघडून चित्रं आत घ्या. चित्राचा प्रकार ब्राइटफील्ड एच-डीएबी निवडा आणि सगळ्यात आधी पिक्सेलचं माप बरोबर आलंय का ते पाहा. रिकामं असेल तर पुढचं सगळं निरर्थक.

मग आपल्या स्टेनचे रंग त्याला शिकवा, एस्टिमेट स्टेन व्हेक्टर्स या आज्ञेने. निळा, तपकिरी आणि रिकामी काच, तिन्ही असलेला चौकोन निवडा. हे एकदा करून सगळ्या चित्रांना तेच मूल्य लावा. त्यानंतर पॅथॉलॉजिस्टांकडून ट्यूमरची सीमा आखून घ्या. केराटिनचे मोती, नेक्रोसिस (मेलेला टिश्यू), लाळग्रंथी, स्नायू, घड्या बाहेर ठेवा. या आखणीला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

पॉझिटिव्ह सेल डिटेक्शन चालवलं की न्यूक्लियस शोधले जातात. त्याभोवती क्यूपाथ जी पेशीची कडा काढतं, ती खरी नसते. न्यूक्लियस ५ मायक्रॉनने फुगवून काढलेली असते, हे ठरावीक मूल्य लिम्फोसाइटला फार मोठं आहे, शेजारच्याचा तपकिरी रंग आत येतो. मी ते २ वर आणते. सीडी८ पेशीच्या कडेला रंगतं, म्हणून मोजमाप न्यूक्लियसचं न घेता पूर्ण पेशीचं घ्या. आणि डीएबी किती गडद आहे यावरून प्रथिन किती आहे हे काढू नका. डीएबीचा रंग त्या प्रमाणात वाढत नाही. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, इतकंच विचारा.

एच अँड ईवर न्यूक्लियस शोधायला डीप लर्निंग वापरायचं असेल तर मोनुसेग हा चित्रसंच जरूर पाहा. आयआयटी मुंबईचे अमित सेठी त्याच्या कर्त्यांपैकी एक आहेत. त्यातल्या प्रशिक्षणाच्या ३० चित्रांत न्यूक्लियसच्या वीस हजारांहून जास्त कडा हाताने आखलेल्या आहेत. पण मॉडेल कुठलंही असो, आपल्या स्टेनवर तपासल्याशिवाय वापरू नका.

तपासायचं असं. चित्रांवर यादृच्छिक वीस-तीस चौकोन टाका. पॅथॉलॉजिस्टांनी संगणकाचा आकडा न पाहता ते हाताने मोजावेत, जमल्यास दोघांनी. मग फरक ब्लँड-आल्टमन आलेखावर, म्हणजे दोन मोजण्यांच्या सरासरीसमोर, मांडा. नुसतं कोरिलेशन चांगलं आलं म्हणून थांबू नका. संगणक प्रत्येक ठिकाणी दीडपट मोजत असेल तरी कोरिलेशन उत्तमच येतं.

आणि आकडेवारीत एकक रुग्ण आहे. एका स्लाइडवर दोन लाख पेशी सापडल्या तरी तो एकच रुग्ण. पेशींना एन (नमुन्यांची संख्या) धरून काढलेली पी व्हॅल्यू कितीही देखणी असली तरी ती खोटी असते. समीक्षक ते पहिल्याच वाचनात पकडतात.

स्लाइड्स परत पेटीत

स्कॅन झालं म्हणून काच टाकून देऊ नका. प्रत्येक स्लाइडची नोंद वहीत हवी: कोड, ब्लॉक, जाडी, स्टेनची बॅच, स्कॅनची तारीख, प्रोफाइलचं नाव, पुन्हा स्कॅन केली असेल तर का. पेटी उन्हापासून दूर, बंद कपाटात ठेवा. उजेडात इओसिन उडतं. ज्या ब्लॉकमध्ये आता जेमतेम टिश्यू उरला आहे, त्याच्या कडेला लाल खूण करा, म्हणजे पुढच्या वेळी मायक्रोटोमवर लावण्याआधी कुणीतरी विचारेल.